आकाश, रंगभूमी, रुग्णशय्या : उलथापालथीच्या इंग्रजी शब्दांचा अर्थेतिहास

१

आकस्मिक बदल, आघात आणि उलथापालथ यांचा निर्देश करणारे इंग्रजी शब्द आज समीक्षेच्या परिभाषेत इतके रुळले आहेत, की त्यांच्याकडे संकल्पना म्हणून पाहण्याची गरजच सहसा वाटत नाही. ‘क्रायसिस’, ‘रेव्होल्यूशन’, ‘कॅटॅस्ट्रॉफी’, ‘शॉक’, ‘अपहीव्हल’ हे शब्द, किंवा त्यांचे मराठी पर्याय, एकमेकांऐवजी सर्रास वापरले जातात. कोशांतही ते एकमेकांच्या अर्थाला टेकू देत उभे असतात. परंतु या शब्दांचा इतिहास तपासला असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की यांतील बहुतेक शब्दांच्या आरंभीच्या अर्थात आकस्मिकता नव्हती. कुणी आकाशातील नियमबद्ध गती सांगत होता, कुणी नाटकाच्या रचनेचा एक टप्पा, तर कुणी रोग्याच्या शय्येपाशी वैद्याने करावयाचा निर्णय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या शब्दांच्या अर्थांतराबरोबर बदलाचा कर्ता कोण, हा प्रश्नही पुन्हा पुन्हा वेगळ्या रीतीने सोडवला गेला, आणि पुष्कळदा तो सोडवण्याऐवजी झाकला गेला.

येथे एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्दाचे मूळ सापडले म्हणजे त्याचा ‘खरा’ अर्थ हाती आला, असे मानणे हा भाषाभ्यासातील जुना भ्रम आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, आणि वापर हा नेहमी कोणाचा तरी, कोणाच्या तरी विरुद्ध असतो. म्हणून पुढील विवेचनात मूळ धातूंपेक्षा वादांकडे अधिक लक्ष दिले आहे.

२

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या १६०८ साली प्रथम छापल्या गेलेल्या नाटकातील पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश या दृष्टीने विलक्षण आहे. ग्लॉस्टर नुकत्याच झालेल्या ग्रहणांचा संबंध राज्यातील व कुटुंबातील दुफळीशी जोडतो. तो निघून गेल्यावर त्याचा अनौरस पुत्र एडमंड या समजुतीची खिल्ली उडवतो. आपल्याच वर्तनाने दुर्दैव ओढवले, तरी त्या ‘डिझॅस्टर’चा दोष माणसे सूर्य, चंद्र आणि तारे यांच्यावर ढकलतात, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. शब्दाची निवड येथे अचूक आहे. ‘डिझॅस्टर’ हा शब्द इटालियन व फ्रेंच भाषांतून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला आणि त्याच्या पोटातच ‘तारा’ आहे. प्रतिकूल ताऱ्याचा प्रभाव, हा त्याचा वाच्यार्थ. एडमंडने शब्दाच्याच पोटातील श्रद्धा उघडी पाडली आहे.

त्याच प्रवेशात, काही क्षणांतच, एडगर रंगमंचावर येतो आणि एडमंड त्याच्या वेळेवर येण्याची तुलना जुन्या सुखात्मिकेतील ‘कॅटॅस्ट्रॉफी’शी करतो. आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. सुखात्मिकेत कसली आली ‘कॅटॅस्ट्रॉफी’? परंतु चौथ्या शतकापासून टेरेन्सच्या नाटकांवरील टीकेत ही संज्ञा कथानकाच्या अखेरच्या वळणासाठी रूढ होती. गुंतागुंत वाढत जाते आणि शेवटी ती उलगडते. हा उलगडा सुखात्मिकेत सुखाचाच असे. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खाली वळणे, उलटणे’ असा असला, तरी नाट्यशास्त्रीय परिभाषेत त्यात अनिष्टाची छटा अनिवार्य नव्हती. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात प्रामुख्याने याच अर्थाने वावरतो. ‘लिअर’मध्ये मात्र जुन्या सुखात्मिकेचे यंत्र एका शोकात्मिकेच्या आरंभी, आणि तेही एका कारस्थान्याच्या हातून, सुरू होते. येथे शेवटचे वळण नियतीने घडवलेले नाही. ते रचणारा माणूस समोर उभा आहे.

सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात या शब्दाची दोन अंगे शेजारी शेजारी दिसतात. नाटकाचा शेवट घडवून आणणारा बदल, हा पहिला अर्थ. अखेरची आणि बहुधा दुःखद घटना, हा दुसरा. पहिल्या अर्थाच्या विवरणात जॉन्सनने ‘रेव्होल्यूशन’ हा शब्द सहजपणे योजला आहे. त्याच कोशात ‘डिझॅस्टर’चा प्रथम अर्थ अजूनही प्रतिकूल ग्रहाचा तडाखा असाच दिलेला आहे.

हा कोश एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला लिस्बनचा भूकंप झाला. व्हॉल्टेअरने या भूकंपावर कविता लिहून ईश्वरी व्यवस्थेच्या आशावादावर प्रहार केला. ऑगस्ट १७५६ मध्ये त्याला लिहिलेल्या पत्रात रूसोने उत्तर दिले, की त्या जागी सहा-सात मजली वीस हजार घरे निसर्गाने उभी केली नव्हती. एडमंडने उपहासाने मांडलेला मुद्दा येथे गंभीर युक्तिवाद बनून येतो. भूमी हलणे निसर्गाचे आहे, पण त्या हलण्याची ‘डिझॅस्टर’ होणे माणसांनी केलेल्या व्यवस्थेवर अवलंबून आहे. शब्दातला तारा तेव्हापासून निस्तेज होत गेला. दोष मात्र वर ढकलण्याची सोय शब्दाने सोडली नाही.

३

‘क्रायसिस’चे मूळ रुग्णशय्येपाशी आहे. निवडणे, वेगळे करणे, निवाडा करणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो आला. ‘क्रिटिक’ आणि ‘क्रिटिसिझम’ ही त्याचीच भावंडे होत. हिपोक्रेटिसच्या परंपरेत आणि पुढे गॅलेनच्या वैद्यकात रोग ज्या टप्प्यावर बरे होण्याकडे किंवा मृत्यूकडे वळतो, त्या टप्प्याला ही संज्ञा होती. वैद्याची कसोटी तो टप्पा ओळखण्यात असे. येथे दोन गोष्टी एकत्र नांदतात: वस्तुस्थितीतील निर्णायक क्षण, आणि तो पारखणारी निर्णयबुद्धी.

सतराव्या शतकात हा शब्द राजकारणात उतरला, तो वैद्यकाचे वस्त्र न उतरवताच. चार्ल्स पहिला आणि पार्लमेंट यांच्यातील संघर्ष तीव्र होत असताना १६२८ साली सर बेंजामिन रडयर्ड यांनी सभागृहात हा पार्लमेंटांचा ‘क्रायसिस’ आहे असे सांगितले. पार्लमेंट जगणार की मरणार हे या वेळी कळेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. रूपक पूर्ण आहे. संस्था ही देह आहे आणि तिचे आयुष्य एका टप्प्यावर येऊन ठेपले आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १७७६ पासून, टॉमस पेनने आपल्या पत्रकमालेला हेच नाव दिले, तेव्हा देहाचे रूपक मागे पडून निवड करणाऱ्या नागरिकाला आवाहन पुढे आले.

राइनहार्ट कोझेलेक या जर्मन इतिहासकाराने १९५९ मधील आपल्या ग्रंथात ‘क्रिटिक’ आणि ‘क्रायसिस’ यांची ताटातूट हा प्रबोधनकाळाचा लक्षणीय विशेष मानला. राजसत्तेची नैतिक चिकित्सा करणाऱ्यांनी आपण ज्या संकटाला जन्म देत आहोत त्याचे राजकीय स्वरूप ओळखले नाही, असे त्याचे प्रतिपादन. प्रबोधनावर ठेवलेला हा ठपका एकांगी आहे, अशी टीका त्यावर झाली आणि ती निराधार नाही. तथापि समीक्षा आणि निर्णायक क्षण यांचे नाते त्याने पुन्हा दृष्टिपथात आणले, हे मान्य करावे लागते. विसाव्या शतकात ‘क्रायसिस’ हा शब्द निर्णयापासून सुटून दीर्घकाळ चालणाऱ्या अवस्थेचे नाव बनला. ‘कादंबरीचा क्रायसिस’, ‘समीक्षेचा क्रायसिस’ अशा प्रयोगांत जगणार की मरणार हा प्रश्न उरतच नाही. रोगी कायमचा शय्येवर आहे आणि वैद्यही तेथेच बसून आहे.

४

या सर्व शब्दांत सर्वाधिक वादग्रस्त इतिहास ‘रेव्होल्यूशन’चा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलेला हा शब्द प्रथम ग्रहगतीचा वाचक होता. कोपर्निकसच्या १५४३ मधील ग्रंथाच्या शीर्षकात खगोलांच्या आवर्तनांसाठी हीच लॅटिन संज्ञा आहे. हॅना आरेन्ट यांनी १९६३ मध्ये ‘ऑन रेव्होल्यूशन’ या ग्रंथात या शब्दाचा राजकीय प्रवास आवर्तनाच्या अर्थापासूनच सुरू केला. १६६० साली राजेशाही परत आली, तेव्हा तो योजला गेला. चार्ल्सविरुद्धच्या उठावाला लॉर्ड क्लॅरेन्डन यांनी आपल्या इतिहासग्रंथाच्या शीर्षकात ‘रिबेलियन’ म्हटले आहे. म्हणजे उठाव हे बंड, आणि जुन्या जागी परतणे हे आवर्तन. ख्रिस्तोफर हिल यांनी मात्र या सुबक आकृतीला हरकत घेतली. सतराव्या शतकाच्या मध्यावरील वाङ्मयात हा शब्द पुन्हा न फिरणाऱ्या बदलासाठीही योजला जाऊ लागला होता, असे त्यांनी दाखवले. शिवाय ‘रिव्होल्ट’ हा शब्द त्याच लॅटिन मुळाचा असल्याने दोघांच्या अर्थछाया पूर्वीपासून एकमेकींवर पडत होत्या, हे रेमंड विल्यम्स यांनी १९७६ च्या ‘कीवर्ड्स’मध्ये नोंदवले आहे. तेव्हा आकाशातून थेट रस्त्यावर, असा हा सरळ प्रवास नव्हे. दोन्ही अर्थ एकाच काळात, एकाच शब्दात नांदत होते.

त्यांच्यातील तंटा उघड झाला तो १६८८ च्या घटनेच्या अर्थावरून. दुसरा जेम्स गेला, विल्यम आणि मेरी सिंहासनावर आले, आणि या बदलाला ‘ग्लोरियस रेव्होल्यूशन’ असे नाव मिळाले. देशाच्या राज्यव्यवस्थेतील बदल, असा या शब्दाचा अर्थ देऊन जॉन्सनने आपल्याकडे तो विशेषेकरून विल्यम-मेरीच्या आगमनासाठी वापरतात अशी नोंद केली. १७५५ मधील इंग्रज वाचकाला हा शब्द भयावह वाटण्याचे कारण नव्हते. त्यात स्थैर्याचेच आश्वासन होते.

४ नोव्हेंबर १७८९ रोजी लंडनमधील ओल्ड ज्युरी येथे रिचर्ड प्राइस या धर्मोपदेशकाने १६८८ च्या स्मरणार्थ प्रवचन केले. त्या घटनेने आपले शासक निवडण्याचा, गैरवर्तन केल्यास त्यांना पदच्युत करण्याचा आणि स्वतःसाठी शासनव्यवस्था घडवण्याचा हक्क प्रस्थापित केला, असे त्याने सांगितले आणि फ्रान्समधील घटनांचे त्याच सुरात स्वागत केले. एडमंड बर्कचा ‘रिफ्लेक्शन्स ऑन द रेव्होल्यूशन इन फ्रान्स’ हा १७९० मधील ग्रंथ या प्रवचनालाच दिलेले उत्तर आहे. बर्कच्या मते १६८८ मध्ये काहीही नवे घडवले नव्हते. प्राचीन व वारशाने आलेल्या स्वातंत्र्यांचे रक्षण तेवढे झाले होते. फ्रान्समध्ये जे चालले होते ते याच्या नेमके उलट होते. मेरी वुलस्टनक्राफ्टने त्याच वर्षी आणि पेनने १७९१ मध्ये बर्कला प्रत्युत्तरे दिली.

हा वाद राजकीय तत्त्वज्ञानाचा म्हणून नेहमी वाचला जातो. तो तितकाच एका शब्दाच्या मालकीचाही आहे. बर्कला हा शब्द टाकून देता येत नव्हता, कारण ज्या राज्यव्यवस्थेचे तो समर्थन करीत होता तिची वैधताच त्या नावाच्या घटनेवर उभी होती. म्हणून त्याला एकाच शब्दाच्या दोन घटना परस्परांपासून तोडाव्या लागल्या. प्राइसला उलट त्या जोडावयाच्या होत्या. पुढे शब्दापुरता विजय प्राइस-पेन पक्षाचा झाला. ‘रेव्होल्यूशन’ म्हटले की १७८९ आठवावे, अशी स्थिती आली आणि १६८८ ला आपले विशेषण सांभाळून मागे उभे राहावे लागले. मग इतिहासकारांनी नव्या अर्थाने मागे वळून पाहिले. क्लॅरेन्डनचे ‘रिबेलियन’ गार्डिनरच्या १८८९ मधील दस्तऐवजसंग्रहाच्या शीर्षकात ‘प्युरिटन रेव्होल्यूशन’ झाले, आणि हिल यांच्या १९४० मधील पुस्तिकेत ‘इंग्लिश रेव्होल्यूशन’. घटना तीच राहिली, पण तिचा कर्ता बंडखोर प्रजेऐवजी इतिहास घडवणारा वर्ग ठरला.

५

एकोणिसाव्या शतकात या शब्दांची देवाणघेवाण राजकारण आणि भूशास्त्र यांच्यात सुरू झाली. जीवाश्मांच्या आधारे पृथ्वीच्या इतिहासातील खंड दाखवणाऱ्या क्यूव्हिएने आपल्या गाजलेल्या निबंधाच्या शीर्षकात ‘रेव्होल्यूशन’ हाच शब्द ठेवला. चार्ल्स लायलने १८३० ते १८३३ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच्या विरोधात मंद, अखंड प्रक्रियांची बाजू मांडली. १८३२ मध्ये लायलच्या दुसऱ्या खंडाचे परीक्षण करताना विल्यम ह्यूएलने दोन्ही पक्षांना नावे दिली, आणि ‘कॅटॅस्ट्रॉफी’ला मानणारे व एकरूपतेला मानणारे असे दोन पंथ रूढ झाले. रंगभूमीवरील संज्ञा आता भूस्तरांत रुतली. ‘अपहीव्हल’ हे नामही याच सुमारास भूस्तर वर उचलले जाण्यासाठी प्रचारात आले आणि शतकाच्या मध्यानंतर ते समाजाला लावले जाऊ लागले.

भूमीवरून समाजात आलेल्या या शब्दाबरोबर एक गृहीतही आले. जमीन उचलली जाते, तिला कोणी उचलत नाही. ‘सोशल अपहीव्हल’ म्हटले की खालचा थर वर आला एवढेच कळते. त्या थरात माणसे होती, त्यांच्या मागण्या होत्या, हे वाक्याबाहेर राहते. याउलट, लायलच्या मंद गतीचा परिणाम ‘रेव्होल्यूशन’वरही झालेला दिसतो. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्नल्ड टॉयन्बी यांच्या व्याख्यानांनी इंग्रजीत रुळवलेली ‘इंडस्ट्रियल रेव्होल्यूशन’ ही संज्ञा कित्येक दशकांच्या प्रक्रियेला लावलेली आहे. रेमंड विल्यम्स यांनी तर १९६१ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘द लाँग रेव्होल्यूशन’ असे नाव देऊन आकस्मिकतेचा अर्थ जाणीवपूर्वक रद्द केला.

‘शॉक’ची वाटचाल याच दिशेने, पण अधिक तीव्रतेने झाली. सोळाव्या शतकात हा युद्धातील शब्द होता. दोन फौजा एकमेकींवर आदळत, ती क्रिया म्हणजे ‘शॉक’. आघात दुतर्फा होता. अठराव्या शतकाच्या मध्यावर लायडन पात्राच्या प्रयोगांनंतर विजेचा ‘शॉक’ आला. तेथे आघात एका बाजूने, आणि देह नुसता सोसणारा. व्होल्फगांग शिव्हेलबुश यांनी १९७७ मधील रेल्वेप्रवासाच्या इतिहासात या अर्थांतराचा पुढचा टप्पा उलगडला आहे. १८६६ मध्ये जॉन एरिक एरिकसन या शल्यविशारदाने रेल्वे-अपघातानंतर दिसणाऱ्या, पण दृश्य जखमेविना असलेल्या विकारांची चर्चा केली. त्याच्या आदल्याच वर्षी स्टेपलहर्स्ट येथील अपघातातून चार्ल्स डिकन्स बचावला होता, आणि गाडीच्या प्रवासाचे भय त्याला पुढे सोडून गेले नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मधील लेखात ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय वाङ्मयात आणली. स्फोटापासून दूर असलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे दिसल्याने संज्ञा अडचणीची ठरली आणि पुढे लष्करानेच तिचा वापर आवरता घेण्याचा प्रयत्न केला. फ्रॉइडच्या १९२० मधील विवेचनाचा आधार घेऊन वॉल्टर बेन्यामिनने १९३९ मध्ये बोदलेअरवरील निबंधात ‘शॉक’ हा महानगरीय अनुभवाचाच घटक ठरवला. रणांगणावरील समोरासमोरची टक्कर ते गर्दीतील एकट्या माणसाची संवेदना, हा प्रवास म्हणजे कर्त्याचे भोक्त्यात झालेले रूपांतर होय.

६

हे शब्द मराठीत आले ते केवळ ग्रंथांतून नव्हे, राज्यकर्त्यांच्या दफ्तरांतूनही. २७ जुलै १८५७ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये डिझरायलीने हिंदुस्थानातील घटना ही लष्करी ‘म्युटिनी’ आहे की राष्ट्रीय ‘रिव्होल्ट’, असा प्रश्न उपस्थित केला. प्रश्न शब्दाचा दिसतो, पण त्यावर शिक्षेचे स्वरूप आणि राज्याची वैधता दोन्ही अवलंबून होती. ‘म्युटिनी’ हा शपथभंगाचा, लष्करी कायद्याचा शब्द आहे. त्यासंबंधीचा पहिला इंग्रजी कायदा १६८९ चा, म्हणजे ‘ग्लोरियस रेव्होल्यूशन’च्या लगेच नंतरचा. राज्यपालटाने उभ्या राहिलेल्या सत्तेने सैनिकाच्या अवज्ञेला प्रथम कायद्यात बांधले, हा योगायोग बोलका आहे. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’च्या उपशीर्षकात ‘बंड’ आहे. सावरकरांनी आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘स्वातंत्र्यसमर’ म्हणून तो शब्द नाकारला. १९५७ मध्ये रमेशचंद्र मजुमदारांनी शीर्षकात ‘म्युटिनी’ आणि ‘रिव्होल्ट’ दोन्ही ठेवले, तर सुरेंद्रनाथ सेनांनी केवळ वर्षाचा आकडा. दरम्यान मराठी ‘बंड’ची किंमत मात्र बदलली. साठोत्तरी समीक्षेत ‘बंडखोर’ हे लेखकाचे गौरवपर विशेषण ठरले.

‘रेव्होल्यूशन’साठी मराठीत रूढ झालेला ‘क्रांती’ हा शब्दही ज्योतिषातला आहे. सूर्याचे विषुववृत्तापासूनचे कोनात्मक अंतर म्हणजे क्रांती, आणि त्याचा भासमान मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त. हे साम्य मोहक आहे, पण ते फसवे आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘फिरणे’ आहे, तर ‘क्रांती’च्या मुळाशी ‘पाऊल टाकणे, ओलांडणे’. ‘संक्रांत’ आणि ‘अतिक्रमण’ त्याच कुळातील. परिणामी, बर्क आणि प्राइस यांच्यात जो वाद एका शब्दाच्या आत होऊ शकला, तो ‘क्रांती’च्या आत होऊ शकत नाही. परतीची वाट या शब्दाला ठाऊकच नाही. गंमत अशी, की फिरून येण्याचा अर्थ ज्याच्या मुळात आहे तो ‘परिवर्तन’ हा शब्द मराठीने सौम्य, क्रमिक बदलासाठी राखून ठेवला.

‘क्रायसिस’च्या बाबतीत अंतर अधिक गंभीर आहे. मराठीतील मार्क्सवादी लेखनाने त्यासाठी ‘अरिष्ट’ हा शब्द रूढ केला. आयुर्वेदात अरिष्ट म्हणजे मृत्यू निश्चितपणे सुचवणारे लक्षण. ते दिसले की वैद्याचे काम संपते. ग्रीक वैद्याचे काम जेथे सुरू होते, तेथे हे नाव त्याला उठून जाण्यास सांगते. भांडवलशाहीचा अंत अटळ मानणाऱ्या मांडणीला हा शब्द सोयीचा वाटला असल्यास नवल नाही. परंतु ‘मराठी समीक्षेचे अरिष्ट’ असे म्हणताना, दोन्ही बाजूंनी खुली असलेली अवस्था आपण बंद करीत आहोत, याची जाणीव लेखकाला क्वचितच असते. टॉमस कून यांच्या १९६२ मधील ग्रंथात ‘क्रायसिस’ ही ‘रेव्होल्यूशन’ची पूर्वावस्था आहे. ती ‘अरिष्ट’ म्हणून वाचली, तर संकटात सापडलेले शास्त्र जुन्या चौकटीतच सावरू शकते, ही कून यांनीच नोंदवलेली शक्यता दिसेनाशी होते.

वृत्तपत्रे सत्तांतराला ‘राजकीय भूकंप’ म्हणतात, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मेली, ती बहुतांशी दगडमातीच्या जड भिंतींखाली आणि छपरांखाली. रूसोचा मुद्दा लिस्बनइतकाच तेथेही लागू होता. खरा भूकंपदेखील जर पूर्णपणे भूमीचा नसेल, तर आमदारांच्या पक्षांतराला भूकंप म्हणणे हे रूपक कोणाला मोकळे सोडते, हे विचारले पाहिजे.

यासाठी नव्या पारिभाषिक संज्ञा घडवण्याची निकड नाही. जुन्या संज्ञा योजताना तीन प्रश्न विचारले तरी पुरे: हा बदल कोणी केला, तो परत फिरू शकतो काय, आणि निर्णय व्हायचा आहे की होऊन गेला आहे? पहिल्या प्रश्नावर एडमंडने बोट ठेवले, दुसऱ्यावर बर्क आणि प्राइस भांडले, तिसरा हिपोक्रेटिसच्या वैद्याचा होता. समीक्षेचे इंग्रजी नाव त्या वैद्याच्याच शब्दाचे भावंड आहे, म्हणून तिसरा प्रश्न सोडून देणे तिला सर्वांत कमी परवडणारे आहे.